मॅडमचा डबा

“हेमे, त्या मॅडमना तिखट चालतं का गं? कालचं वांगं जरा जहाल झालंतं.”

आईनं हे खाटेवर बसल्या बसल्या विचारलं. जिन्यावरनं घसरल्यामुळं तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि त्या उन्हाळ्यात सगळं घर माझ्या डोक्यावर आलं होतं. नववीची परीक्षा संपलेली, वर्गातल्या सगळ्या मामाच्या गावाला गेलेल्या, आणि मी इथं भाकरी थापतेय, गच्चीवर कुरडयांची राखण करतेय, कावळे हाकलतेय. आणि एवढं कमी म्हणून रोज दुपारी ह्या मॅडमचा डबा पोचवतेय.

“चालतं,” मी म्हटलं.

“आणि लसूण?”

“चालतो.”

“विचारलंयस का नुसतंच सांगतीयस?”

“आई, त्या काही म्हणत नाहीत गं! जे देशील ते घेतात.”

हे अगदी खरं होतं. मॅडम जे देऊ ते घ्यायच्या. खायच्या मात्र नाहीत, कारण त्यांना तोंडच नव्हतं. आता हे मी आईला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

“बाईमाणूस एकटं रानात बसतंय, अभ्यास करतंय, त्याला धड जेवण नको व्हय? चटणी वेगळी बांध. आणि कालचा डबा आण इकडं.”

मी डबा आणून दिला. दोन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्या ठिपक्यांनी ‘सौ. शालन खराडे’ असं नाव घातलेला. आईनं वरचा पूड उघडला आणि तिचा चेहरा फुलला. आत रोजच्यासारखे ते मणी होते. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे, आरपार दिसणारे, आणि मे महिन्याच्या त्या भट्टीतसुद्धा हाताला गार.

“बघ,” आई म्हणाली, “एक दिवस बाईनं डबा रिकामा परत दिला न्हाई. एवढी शिकलेली, पण रीत सोडली न्हाई. न्हाईतर तुझी थोरली काकू! श्रावणात नेलेलं पातेलं दिवाळीला आणून दिलं, रिकामं, आणि वर न घासता.”

मग तिनं मूठभर मणी माठात टाकायला सांगितले. ते मॅडमच्या कॉलेजातलं कसलं तरी औषध असावं असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. माठातलं पाणी दात शिवशिवतील असं गार व्हायचं. शेजारच्या बायका तांब्या घेऊन यायला लागल्या होत्या. तुळशीत चार मणी टाकले, तर मे महिन्यात तुळस झाडासारखी वाढून बसली. मी हे सगळं बघत होते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेत होते.

ह्या सगळ्याला कारण एकच. इरावती देशकर.

इरावती ही आमच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी. नागपूरकडची माणसं. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आली, माझ्या बाकावर बसली, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “तुला वाटते का गं, दुसऱ्या ग्रहावर कोणी राहते म्हणून?” मी म्हटलं, मला नाही वाटत. ती म्हणाली, “मग तुला वाटायला लावते.” तेव्हापासून तिनं माझं डोकं खाल्लं. दिवे लागायच्या वेळी मला गच्चीवर उभं करून आकाशाकडं बॅटरी दाखवायला लावायची. माझा हात दुखायचा आणि ही खाली बसून शेंगा खायची. “दाखव ना गं, आज येतील,” म्हणायची. मी रोज चिडायचे आणि रोज दाखवायचे. दुसरी कुणी मैत्रीण मला एवढं राबवून घेऊ शकली नसती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणासाठी मी राबलेही नसते.

आणि मग खरंच आलं की कोणीतरी! बरं, गच्चीवर नाही, आमच्या शेडात.

आमचं शेड म्हणजे बेदाण्याचं. चारी बाजूंनी उघडं, वाऱ्याच्या तोंडावर बांधलेलं, आत एकावर एक जाळ्यांचे मजले. द्राक्षं त्यावर पसरायची, वारा आरपार जातो, आणि पंधरवड्यात टपोऱ्या द्राक्षाचा बेदाणा होतो. एप्रिलमध्ये माल उतरला की शेड रिकामं. माझे वडील, आण्णा, मग सौद्यांच्या मागं, तिकडं फिरकायचेही नाहीत. फक्त एक रेडिओ खिळ्याला टांगून दिवसभर चालू ठेवलेला असायचा, आत माणूस आहे असं वाटून भुरटे चोर जाळ्या नेऊ नयेत म्हणून.

जाळीला चिकटून राहिलेले बेदाणे खायला आम्ही दोघी गेलो होतो. सोबत माझा डबा. खालच्या जाळीवर मॅडम बसलेल्या. तेव्हा त्यांना मॅडम म्हणत नव्हतो. बसलेल्या वासराएवढ्या, हिरवट, गोल, तुकतुकीत, पाण्यानं टच्च भरलेलं द्राक्ष असावं तशा. दोन हात होते, लांब. बाकी नाक-डोळे शोधावे लागत होते. मी इरावतीच्या मागं लपले. इरावतीनं मात्र शाळेत पाहुणे आल्यावर म्हणतो तसं हात जोडून खणखणीत “नमस्कार” म्हटलं.

आणि त्यांच्या अंगातनंच कुठनं तरी आवाज आला, “नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.”

कुठल्या कुठनं, केवढा प्रवास करून आलेला जीव, आणि बोलतोय काय, तर शेतीचा कार्यक्रम! किती दिवस तिथं बसून रेडिओ ऐकला होता कोण जाणे. तेवढंच मराठी त्यांना येत होतं. निवेदकाच्याच थाटात, सावकाश, एकेक शब्द तोलून.

शेडाच्या मागं त्यांचं वाहन होतं. आमच्या फवारणीच्या टाकीएवढं, आणि दिसायलाही तसंच. आण्णांनी पाहिलं असतं तरी त्यांना काही वेगळं वाटलं नसतं.

मॅडमनी माझ्या डब्याकडं हात केला. इरावतीनं डबा उचलून त्यांच्या हातात दिला आणि हसत हसत म्हणाली, “घ्या ना. पण आमच्यात डबा रिकामा परत द्यायचा नसते हं.”

झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर मॅडम त्यांच्या टाकीपाशी उभ्या. झाकण उघडलेलं, निघायच्याच बेतात दिसत होत्या. आम्हाला बघून परत आल्या आणि डबा पुढं केला. आत मणी. ते मणी आईनं पाहिले आणि विचारलं, हे कुणी दिलं? मी तोंड उघडायच्या आत इरावतीनं ठोकून दिलं, “मावशी, कृषी कॉलेजच्या एक मॅडम आल्यात. द्राक्षांवर अभ्यास करून राहिल्या. शेडात बसतात. कोणाशी बोलत नाहीत.” आई खूश. दुसऱ्या दिवशी भरून डबा. मग तिकडनं मणी. मग इकडनं भरली वांगी. मग तिकडनं मणी. आणि ऊन डोक्यावर घेऊन मधल्या मध्ये चालतंय कोण? मी!

जेवण अर्थातच आम्ही दोघी खायचो. घरी एकदा आणि शेडात एकदा. त्या उन्हाळ्यात माझे परकर घट्ट झाले.

त्या दिवशी, वांग्याच्या चौकशीनंतर, आम्ही शेडात पोचलो तेव्हा मॅडम नेहमीच्या जागी होत्या. मला त्या जरा लहान वाटल्या. अंगावरचा तुकतुकीतपणा गेला होता, हाताला बारीक सुरकुत्या.

“इरे, ह्यांना बरं नाही की काय?”

“काही नाही, बरं आहे,” इरावती म्हणाली. तिनं मॅडमच्या हाताची कातडी चिमटीत धरली, वर ओढली आणि सोडली. तिचे बाबा गाई-म्हशींना तसं करून बघायचे. जनावराच्या अंगात पाणी असलं की कातडी लगेच जागेवर बसते, नसलं की तशीच उभी राहते. इरावती रोज भेटल्यावर मॅडमना तो चिमटा घ्यायची, आणि मॅडमना ती आपली भेटायची रीत वाटत असावी. त्याही हात पुढं करायच्या.

त्या दिवशी कातडी बराच वेळ तशीच उभी राहिली. मी पाहिलं. इरावतीनंही पाहिलं असणार, पण तिनं पटकन हात फिरवून ती सारखी केली.

“वेलीला पाण्याचा ताण पडू देऊ नये,” मॅडम म्हणाल्या.

“अगं बाई, आज परत वेलीचं!” इरावती हसली. “परवा पण हेच, काल पण हेच.”

“बघ ना,” मीही म्हटलं. “दुसरं काहीतरी बोला की हो मॅडम. नुसती वेल आणि वेल.”

“वेलीला पाण्याचा ताण पडू देऊ नये,” त्या पुन्हा म्हणाल्या.

मी बादलीभर पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतलं. अळूच्या पानावरनं ओघळावं तसं ते सगळं ओघळून खाली गेलं. एक थेंब धरला नाही. आमचं पाणी त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला गच्चीवरनं सुटका लवकर मिळाली, आणि इरावतीची वाट न बघता मी एकटीच शेडाकडं गेले. मॅडमचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. डबा त्यांच्यापुढं उघडा होता. एक हात त्यांनी डब्यावर धरला होता आणि दुसऱ्या हातानं तो खांद्यापासून खाली पिळत होत्या. धुणं पिळावं तसा. बोटाच्या टोकाला एक थेंब जमला, थरथरला, गोल झाला आणि टपकन डब्यात पडला. मणी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पिळणं. डब्यात अजून तळही झाकला नव्हता, आणि तो हात पार सुकून गेला होता.

मी तिथंच जाळीला धरून उभी राहिले. आमच्या माठात पडलेले ते मणी, शेजारणी तांब्या भरभरून नेत होत्या ते पाणी, तुळशीला घातलेलं ते औषध, ते सगळं ह्यांच्या अंगातलं होतं. आम्ही ह्यांना ठेवलं कुठं, तर वाळवण्याच्या शेडात, आणि वरनं रोज डबा भरून पाठवतोय! परतफेडीला ह्यांच्याकडं देण्यासारखं दुसरं काय होतं?

“मॅडम, नका! नका भरू हो!” मी डब्यावर हात ठेवला. “रिकामा द्या. चालतो!”

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. “डबा रिकामा परत द्यायचा नसते,” त्या म्हणाल्या. इरावतीचं वाक्य, पण रेडिओच्या आवाजात. आणि पुन्हा हात पिळायला घेतला.

त्या रोज निघायच्या बेतात का असतात ते मला तेव्हा कळलं. रोज त्या टाकीपाशी जायच्या आणि रोज आम्ही भरलेला डबा घेऊन हजर व्हायचो. मग पुन्हा भरणं आलं. रीत इतकी मनावर घेतलेला माणूस मी आमच्या भावकीतही पाहिला नाही. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आईचा, इरावतीचा, आणि ह्या गुणी बाईचा सगळ्यात जास्त.

मी घरी आले आणि आईला सांगितलं, “मॅडम गेल्या.”

“गेल्या? अशा कशा गेल्या? सांगितलं न्हाई, सवरलं न्हाई! मी उद्या पुरणाच्या पोळ्या करणार होते.”

“आई, गेल्या म्हणजे गेल्या! आता डबा नाही, पोळी नाही, काही नाही.”

“अगं पण माझ्या अंगावर का ओरडतीस?”

मी कुरडयांकडं निघून गेले. डबा मी येताना त्यांच्यापुढनं उचलून आणला होता. तिकडं काही जाणार नव्हतं, म्हणजे तिकडनंही काही येणार नव्हतं. उद्या दुपारपर्यंत कुणी गेलं नाही की मॅडम मोकळ्या. मला जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी खात्री करायला म्हणून मी शेडाकडं गेले. टाकी तिथंच होती. आत मॅडम होत्या, पार आक्रसलेल्या, आणि त्यांच्यासमोर इरावती बसलेली. मांडीवर तिच्या आईचा कडीचा डबा, झाकणावर ‘सौ. कुमुद देशकर’.

“हे काय?” मी म्हटलं.

“गोळाभात आहे. तू नाही आणला ना आज काही.”

“मुद्दाम नाही आणला! इरे, ते मणी ह्यांच्या अंगातलं पाणी आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. डबा आला की ह्या थांबतात आणि स्वतःला पिळतात. आज तू आली नसतीस तर गेल्या असत्या.”

“म्हणून तर आणला.”

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“मण्यांचं नव्हतं माहीत. पण थांबतात ते कळलं होतं. आणि सुकून राहिल्या ते पण.”

“मग तुला झालंय तरी काय?”

इरावतीनं डब्याच्या कडीशी चाळा केला. “बाबांची बदली झाली. चंद्रपूरला. जूनमध्ये हजर व्हायचं आहे.”

“कधी कळलं?”

“परीक्षा चालू होती तेव्हा.”

“आणि मला आज सांगतेस? आज?”

“सांगून काय होते गं?” ती एकदम ओरडली. “प्रत्येक गावात सांगते मी. सगळ्या रडतात. पत्ता घेतात. पत्र लिहीन म्हणतात. एकीचं तरी यावं! एकीचं नाही आलं आतापर्यंत. तू पण तशीच करशील. ह्या तरी मी डबा आणते तोपर्यंत जात नाहीत.”

“मरतील त्या!”

“नाही मरत. मी रोज बघते ना चिमटा घेऊन. अजून दोन-चार दिवस निघतात. आम्ही जाईपर्यंत फक्त...”

मॅडमनी तेवढ्यात हात पुढं केला होता. डब्यासाठी. तो हात बघून माझं डोकंच फिरलं. मी इरावतीच्या मांडीवरनं डबा हिसकावला, उघडला आणि उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. हातानं, बकाबका, वर मॅडमकडं पाठ करून. डोळ्यांतनं पाणी येत होतं. रागानं चवही कळू नये खरं तर, पण कळत होती. देशकर काकूंनी डाळीचे गोळे घालून तो भात फार सुरेख केला होता, आणि त्यामुळं मला आणखीनच रडू येत होतं.

“हेमा, काय करून राहिली तू! दे तो!” इरावती माझा हात ओढत होती. मी शेवटचं शीत बोटानं निपटून खाल्लं, डबा परकरानं पुसला आणि मॅडमच्या हातात दिला.

“घ्या. रिकामा आहे. आता तुमच्याकडं काही देणं नाही. जा तुम्ही.”

मॅडमनी डबा उघडला. आत पाहिलं. उलटा करून पाहिला. बराच वेळ तो तसाच हातात धरला. मग जागेवरनं उठल्या, आणि उठताना त्यांचं सगळं अंग कागदासारखं कुरकुरलं. इरावती मुसमुसत होती. त्या तिच्यापाशी थांबल्या, तिचा हात धरला, आणि सुकलेल्या दोन बोटांनी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती लगेच जागेवर बसली.

“आजचं आमचं प्रसारण इथंच संपतं,” मॅडम म्हणाल्या. “नमस्कार.”

त्या मागं गेल्या. टाकीचं झाकण लागल्याचा आवाज आला. आम्ही धावत मागं गेलो तेव्हा तिथं फक्त दबलेलं गवत होतं, आणि आकाश नुसतं तांबडं. डबाही त्यांनी बरोबर नेला होता.

“माझ्या आईचा डबा,” इरावती म्हणाली. “तू त्यांना रिकामा डबा देऊन हाकललं. मी जाताना पण असंच करशील. बोलू नको माझ्याशी.”

आणि ती खरंच बोलली नाही. त्यांचा ट्रक निघाला त्या दिवशी मी बेदाण्याची पिशवी घेऊन धावत गेले. इरावती ड्रायव्हरच्या शेजारी, नाकासमोर बघत बसली होती. पिशवी काकूंनी घेतली. “अगं, माझा तो कडीचा डबा तुमच्याकडे तर नाही राहिला ना?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मी पत्रं लिहिली. बरीच लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि मग मीही हट्टाला पेटून थांबले. एवढी सख्खी मैत्रीण मी त्या दोन वर्षांत केली होती, तशी पुन्हा कधी झाली नाही. आजही हे लिहिताना मला तिचा राग येतो.

ह्याला पुष्कळ वर्षं झाली. आण्णा गेले, बाग आणि शेड माझ्याकडं आलं. गेल्या मे महिन्यात, माल उतरल्यावर, मी जाळ्या मोजायला शेडात गेले. खालच्या जाळीवर एक कडीचा डबा होता. मी वाकून झाकणावरचं नाव वाचलं आणि मटकन खाली बसले.

उघडला तर गच्च भरलेला. मणी कडेवरनं सांडत होते. बोराएवढे एकेक, आणि आत हात घातला तर मनगटापर्यंत गारठा. म्हणजे बऱ्या आहेत. नुसत्या बऱ्या नाहीत, एवढं द्यायला जमतंय म्हणजे त्यांच्याकडं आता भरपूर आहे. मी त्या रिकाम्या शेडात वेड्यासारखी हसत बसले. अहो, रिकामा दिलेला डबा! त्यात देणं-घेणं कुठलं उरलं होतं? पण नाही. डबा दुसऱ्याचा, तो भरून परत करायचा, एवढंच त्या बाईच्या डोक्यात राहिलेलं.

घरी आईला दाखवला. तिचं आता ऐंशीच्या पुढं वय, ऐकू कमी येतं, पण डबा लगेच ओळखला.

“बघ! मी म्हणत न्हव्हते, चांगल्या घरची बाई आहे? उशिरा का होईना, भरून दिला. पण हा देशकर वहिनींचा गं. नेऊन दे त्यांचा त्यांना.”

“आई, चंद्रपूर आहे ते! पार त्या टोकाला!”

“मग काय झालं? लोकाचा डबा घरात ठेवायचा व्हय?”

इरावतीचा आताचा पत्ता मिळवायला मला दहा ठिकाणी फोन करावे लागले. तीही जनावरांची डॉक्टर झाली होती, आणि चंद्रपुरातच राहिली होती. कुठंही बदली घेतली नाही म्हणे. मी डबा मांडीवर धरून एवढा प्रवास केला, कंबरेचा काटा ढिला झाला, आणि दार उघडून ती चष्म्यावरनं बघत म्हणाली, “म्हैस आहे का गाय?”

“मी आहे,” मी म्हटलं आणि डबा पुढं केला.

तिनं झाकणावरचं नाव वाचलं. त्याच्यावरनं बोट फिरवलं. “आई मागच्या वर्षी गेली,” ती म्हणाली. मग झाकण उघडलं, आणि दाराच्या चौकटीला टेकून तशीच उभी राहिली. तिच्या केसांत माझ्याइतकेच पांढरे होते.

“मी पत्रं लिहिली होती,” मी म्हटलं. “एक नाही, पुष्कळ.”

“आहेत ना माझ्यापाशी. सगळी.”

“मग उत्तर द्यायला हात मोडला होता का तुझा?”

तिनं माझा हात धरला, पाठीवरची कातडी चिमटीत घेऊन वर ओढली आणि सोडली. ती काही लगेच जागेवर बसली नाही. वय झालं, दुसरं काय!

“पाणी कमी पडून राहिलं तुला,” इरावती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “ये आत. आणते पाणी.”

“पाणी नको, चहा टाक,” मी चपला काढत म्हटलं. “आणि हे बघ, एवढ्या लांबून आलेय. जाताना मला डबा भरून दिल्याशिवाय सोडलंस तर याद राख.”